अमानत, अनामत आणि धोबी तलावचे कोर्ट

शाळेत सहावीच्या वर्गाला मी मराठी शिकवतो. माझी मुले उर्दू माध्यमाची. घरी कोणी कोकणी बोलतो, कोणी पूर्वांचलची बोली, कोणी दखनी. मराठी त्यांना परकी वाटू नये म्हणून मी अधूनमधून फळ्यावर शब्दांच्या जोड्या लिहितो. डावीकडे उर्दू, उजवीकडे मराठी. दावा आणि दावा. वकील आणि वकील. कबजा आणि कब्जा. मुलांना गंमत वाटते. एके दिवशी मी लिहिले, अमानत आणि अनामत. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, मराठीवाला गलत लिखा है, म और न उलटे हो गए."

त्याचे खरे होते. अरबीतला 'अमानत' हा शब्द फारसीवाटे मराठीत आला आणि वाटेत त्यातल्या दोन अक्षरांनी जागा बदलल्या. अक्षरे फिरली तसा थोडा अर्थही फिरला. उर्दूत अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. ती जशीच्या तशी परत करायची असते, आणि तिच्यात खयानत करणारा माणूस समाजातून उठतो. मराठीत अनामत म्हणजे निवडणुकीच्या उमेदवाराने भरायची रक्कम, वाचनालयात ठेवायचे पैसे, आणि मुख्य म्हणजे भाड्याच्या घराचे डिपॉझिट. निवडणुकीतली अनामत जप्त होते. घराची अनामत जप्त होत नाही. तिला पाय फुटतात.

ही गोष्ट मला दहाव्या वर्षी कळली, शब्दकोशातून नव्हे.

माझे अब्बा बुकबाइंडर. महाड तालुक्यातले आमचे गाव. अब्बा तरुणपणी मुंबईला आले आणि भेंडीबाजारच्या मागच्या गल्लीत एका बाइंडिंगच्या दुकानात कामाला लागले. १९९६ साली आम्ही कुर्ल्याला एक खोली घेतली. महिना सातशे रुपये भाडे, साडेआठ हजार डिपॉझिट, मुदत अकरा महिने. ते साडेआठ हजार उभे करण्यासाठी अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या होत्या. घरमालकांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांनी वीस रुपयांच्या स्टँपपेपरवर करार लिहून दिला आणि मागच्या बाजूला पैसे मिळाल्याची सही केली. अकरा महिन्यांनंतर चाचांनी खोली रिकामी करायला सांगितले. आम्ही केली. पैसे मात्र "अगले जुम्मा" मिळणार होते. असे किती जुम्मे गेले ते मोजले नाहीत. फुफीच्या मुंब्र्याच्या घरात आम्ही सहा माणसे सात महिने राहिलो एवढे आठवते, कारण माझी शाळा बदलली.

अब्बा चाचांच्या घरी जात. चाचा चहा पाजत. तिसऱ्या की चौथ्या खेपेला चाचा म्हणाले, "वो डिपॉझिट थोडेही था, वो तो पगडी थी." अब्बा त्या दिवशी परतले ते काहीही न बोलता. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकाने त्यांना एका वकीलसाहेबांकडे पाठवले आणि १९९८च्या पावसाळ्याच्या आधी धोबी तलावच्या स्मॉल कॉज कोर्टात दावा दाखल झाला. सरकारी मराठीत त्याला लघुवाद न्यायालय म्हणतात. आमच्याकडे ते नाव कोणी घेत नाही.

या कोर्टाचा इतिहास मी नंतर, बी. एड. करीत असताना वाचनालयात बसून वाचला. आपल्या लोकांचा या इमारतीशी रोजचा संबंध आहे. डोंगरी, मदनपुरा, नागपाड्यातल्या एखाद्या जुन्या घरात विचारा, या कोर्टाची तारीख न पाहिलेला म्हातारा क्वचित भेटेल. पण हे कोर्ट कोठून आले याचा पत्ता कोणाला नसतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुंबईत मेयर्स कोर्ट होते. १७२६च्या सनदेने ते स्थापन झाले. तिथे दावा लावणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम होते. दहा रुपयांसाठी बारा रुपये खर्च करायला कोण जाणार? म्हणून १७५३ साली नव्या सनदेने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी 'कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स' नावाचे एक छोटे कोर्ट उघडले. पाच पॅगोडांपर्यंतचे दावे तिथे चालत. पॅगोडा म्हणजे आपल्या जुन्या मराठी कागदांतला होन. एका होनाचे साडेतीन रुपये धरले तर साडेसतरा रुपये झाले. न्याय देणारे कमिशनर हे कंपनीचेच नोकर असत आणि आठवड्यातून एकदा बसत. इंग्लंडात अशाच कोर्टांना लोक 'सदसद्विवेकाचे कोर्ट' म्हणत, कारण कायद्याच्या बारकाव्यांपेक्षा न्यायाधीशाच्या मनाला जे पटेल त्यावर तिथे निकाल होई. मला हे नाव आवडते. आपल्याकडे ते आले असते तर बरे झाले असते, पण आपल्याकडे आली ती 'रिक्वेस्ट', म्हणजे विनंती. ते असो.

इंग्लंडने १८४६ साली ही जुनी कोर्टे मोडून काउंटी कोर्टे काढली. चार वर्षांनी, १८५०च्या नवव्या कायद्याने, इकडेही कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स गेले आणि त्याच्या जागी 'कोर्ट ऑफ स्मॉल कॉजेस' आले. मर्यादा पाचशे रुपये. १८६४ साली ती हजार झाली आणि १८८२च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स कायद्याने दोन हजार. हाच १८८२चा कायदा मुंबईत आजही चालू आहे. महाराष्ट्राने पुढे पैशांच्या दाव्याची मर्यादा दहा हजारांवर नेली आणि ती तिथेच राहिली. १८८२चे दोन हजार आणि आताचे दहा हजार यांची तुलना वाचकांनीच करावी. पुणे-नागपूरसारख्या ठिकाणांसाठी १८८७ साली वेगळा प्रांतिक कायदा झाला.

या कोर्टाच्या खुर्चीवर मोठी माणसे बसून गेली. अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन ही मुलींची शाळा काढणारे माणकजी कर्सेटजी इथे न्यायाधीश होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हेही काही काळ इथे होते आणि पुढे पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात होते. हायकोर्टातले रानडे सर्वांना माहीत असतात. उधारी, भाडे आणि थकलेली मजुरी यांचे निकाल देणारे रानडे कोणाच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. अर्थशास्त्र आणि गरिबी यांवर त्यांनी पुढे जे लिहिले त्यात या खुर्चीचा काही वाटा असेल असे मला आपले वाटते. पुरावा माझ्याकडे नाही.

आता घराच्या प्रश्नाकडे वळू. कारण हे कोर्ट मुंबईच्या लोकांना परिचित झाले ते उधारीमुळे नव्हे, घरामुळे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रस्ते काढू लागला. पाडलेल्या खोल्यांइतक्या नव्या बांधल्या गेल्या नाहीत. मग पहिले महायुद्ध आले. गिरण्या जोरात चालू होत्या, माणसांचे लोंढे येत होते, बांधकाम थांबले होते. मालकांनी भाडी वाढवली. तेव्हा १९१८ साली सरकारने युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा केला आणि जानेवारी १९१६चे भाडे हे प्रमाण मानले. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा काही वर्षांनी उठला. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ साली दुसरा आला. आणि मग आला तो मोठा कायदा, १९४७ सालचा सत्तावन्नावा. त्याची अंमलबजावणी १३ फेब्रुवारी १९४८ला सुरू झाली. सप्टेंबर १९४०चे भाडे तिथेच गोठले. हाही तात्पुरताच होता. मुदतवाढ घेत घेत तो पन्नास वर्षे जगला. मालक-भाडेकरूंचे खटले ऐकण्याचा अधिकार मुंबईत स्मॉल कॉज कोर्टाला दिला होता, त्यामुळे दहा-पंधरा रुपये भाड्याच्या खोल्यांवर लाखोंच्या किमतीचे वाद तिथे लढले जाऊ लागले. नाव 'लघु' राहिले, वाद लघु राहिले नाहीत.

गोठलेल्या भाड्याचा परिणाम सर्वांना माहीत आहे. मालकाला भाड्यात रस उरला नाही. त्याने पगडी मागायला सुरुवात केली. पगडी म्हणजे डोक्यावरची इज्जत, आणि खोली मिळवण्यासाठी ती मालकापुढे ठेवायची. १९४७च्या कायद्याचे अठरावे कलम याच्या विरुद्ध होते. ठरलेल्या भाड्याखेरीज मालकाने पगडी, नजराणा, डिपॉझिट किंवा तसली कोणतीही रक्कम घेणे गुन्हा होता. तुरुंगवासाचीही तरतूद होती. इमारत बांधण्यासाठी भाडेकरूने कर्ज म्हणून पैसे दिले असतील तर ते वगळले होते, आणि त्यामुळे कागदावर पुष्कळ भाडेकरू मालकांचे सावकार झाले. विसावे कलम तर असे होते की कायद्याविरुद्ध दिलेले पैसे भाडेकरूला परत मागता येत, पण दिल्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत. आता विचार करा. ज्याला डोक्यावर छप्पर हवे म्हणून त्याने गुपचूप पैसे दिले, तो सहा महिन्यांत त्याच मालकावर दावा कसा लावील? विसावे कलम कायद्याच्या पुस्तकात होते. पगडी मोहल्ल्यात होती. दोघांची गाठ फार वेळा पडली नाही.

भाडेकरूने पैसे दिले म्हणजे तोही गुन्ह्यात सामील, मग कोर्टाने त्याला मदत का करावी, असा युक्तिवाद मालकांचे वकील करीत. यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली बिहारच्या एका खटल्यात उत्तर दिले. भाडेकरूने मालकाला कायद्याबाहेर आगाऊ पैसे दिले होते आणि तेच पैसे थकीत भाड्यात वळते करावेत असे त्याचे म्हणणे होते. न्यायालय म्हणाले की दोघांचा दोष सारखा नाही. घराची गरज असलेला माणूस आणि घर हाती असलेला माणूस हे एका पातळीवर उभे नसतात. बिहारचा कायदा वेगळा, पण तत्त्व सगळीकडे लागू पडते.

तर मग अब्बांचे 'डिपॉझिट' कुठून आले, जर १९४७च्या कायद्यात डिपॉझिट घेणेच गुन्हा होता? याचे उत्तर 'लीव्ह अँड लायसन्स' या तीन शब्दांत आहे. कायदा भाडेकरूला संरक्षण देत होता. म्हणून मालकांनी भाडेकरू ठेवणेच बंद केले. राहणारा माणूस भाडेकरू नाही, परवानगीने राहणारा आहे, देतो ते भाडे नाही, मोबदला आहे, असे कागदावर लिहिले की तो कायद्याच्या बाहेर गेला. कायदा बाहेर गेला तसे अठरावे कलमही बाहेर गेले आणि डिपॉझिट उजळ माथ्याने आत आले. सरकारच्या हे लक्षात आले तेव्हा १९७३ साली दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते ते सर्व भाडेकरू मानले गेले. राहणाऱ्यांसाठी ही चांगली बातमी होती, पण पुढे येणाऱ्यांसाठी नव्हती. मालक अधिकच सावध झाले. मुदत संपताच माणूस बाहेर निघावा म्हणून मोठे डिपॉझिट हे त्यांचे हत्यार झाले.

अकरा महिन्यांचेही तसेच. लोक समजतात की अकरा महिन्यांनंतर राहिले की घर आपले होते. असा काही नियम नाही. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणीचा खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी बारावा महिना कापला गेला, इतकेच.

आता पुन्हा धोबी तलावला.

समन्स दोनदा परत आले. बेलिफाने शेरा मारला होता, घराला कुलूप. चाचा घरातच असत, पण बेलिफ सकाळी येई आणि चाचांची सकाळ उशिरा होई. तिसऱ्या वेळी समन्स दारावर डकवले. ते मोहल्ल्याने पाहिले आणि चाचा कोर्टात आले. त्यांच्या वकिलाने कैफियत दाखल केली. तिच्यात लिहिले होते की साडेआठ हजार ही पगडी होती, ती परत करायची नसते.

आमचे वकीलसाहेब ते वाचून हसले. त्यांनी अब्बांना काय समजावले ते मला नंतर अब्बांनी सांगितले. पैसे पगडीचे म्हटले तर अब्बा लायसन्सवाले राहत नाहीत, भाडेकरू ठरतात, आणि भाडेकरूकडून पगडी घेणे अठराव्या कलमाखाली गुन्हा. पैसे डिपॉझिटचे म्हटले तर ते परत करायचे. चाचांनी कोर्टाच्या कागदावर आपल्या सहीने गुन्हा कबूल केला होता. पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलाने मुदत मागितली. त्याच्या पुढच्याही.

सुट्टीच्या दिवसांत अब्बा मला बरोबर नेत. त्या व्हरांड्याची मला आजही आठवण येते. लांब बाकडी, पंख्यांचा आवाज, फायलींचा वास. अब्बा बाइंडर असल्याने त्यांना त्या फायली बघवत नसत. लाल फीत बांधलेले, कोपरे झिजलेले, वाळवीने खाल्लेले गठ्ठे. "इतक्या लोकांचे घर या दोऱ्यावर बांधलेय आणि दोरा किती कच्चा बघ," असे ते एकदा म्हणाले. आमच्या शेजारी बसलेल्या एका पारशी बाईंचा खटला अब्बांच्या लग्नाआधीपासून चालू होता. त्या घरून खारी बिस्किटे आणत आणि मला देत.

निकाल असा झाला नाहीच. २००० साली तडजोडीचा हुकूमनामा झाला. पाचशे रुपये विजेच्या बिलापोटी कापून आठ हजार, दोन हजारांच्या चार हप्त्यांत. तीन हप्ते आले. चौथा येईना. मग दरखास्त लावली, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज. दावा जिंकणे आणि पैसे हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दरखास्त नावाच्या या शब्दाने मला शिकवले. उर्दूत दरख्वास्त म्हणजे नम्र विनंती. कोर्टात तिचा अर्थ जप्तीची धमकी. चौथा हप्ता २००१ साली आला. या सगळ्यासाठी अब्बांचे वीसएक दिवसांचे खाडे झाले होते. मजुरी आणि वकिलाची फी वजा केली तर हाती फार उरले नाही. अम्मीने हिशेब करायला मना केले.

मधल्या काळात कायदाच बदलला होता. १९४०च्या भाड्यावर गोठलेली तरतूद आता न्याय्य उरलेली नाही असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७मध्ये सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या छपन्नाव्या कलमाने पगडी कायदेशीर केली. बावन्न वर्षे जो गुन्हा होता तो एका सकाळी गुन्हा राहिला नाही. चाचांनी ती कैफियत दोन वर्षे उशिरा लिहिली असती तर आमचे वकीलसाहेब हसले नसते.

पण याच कायद्याचे पंचावन्नावे कलम वाचकांनी नीट वाचावे असे मला वाटते. घर भाड्याने द्या की लायसन्सवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकावर. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदवलेला करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाईल, मालकाने उलट सिद्ध करीपर्यंत. स्टँप ड्यूटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज कल्पून ती रक्कमही धरतात. म्हणजे सरकारनेच मान्य केले की डिपॉझिटचे व्याज मालकाच्या खिशात जाते. डिपॉझिट किती घ्यावे याला मात्र या कायद्यात मर्यादा घातलेली नाही.

हे कलम मला कळले ते स्वतःवर पाळी आली तेव्हा. नोकरी लागल्यावर मी मुंब्र्यात फ्लॅट घेतला. साठ हजार डिपॉझिट. १९९२-९३ नंतर मुंब्रा कसे वाढले ते सर्वांना ठाऊक आहे. इतर वस्तीत नाव ऐकून दार लागते, आपल्या वस्तीत दार उघडते पण कागद निघत नाही. "मास्टरसाब, अपने आदमी में कागज क्या?" मालकाने म्हटले आणि मी, बी. एड. झालेला माणूस, शंभराच्या स्टँपवर नोटरी करून गप्प बसलो. कुरआनातली सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे हे मी वर्गात सांगतो. २०१९ साली घर सोडले तेव्हा मालकाने रंगकामाचे म्हणून वीस हजार कापले. रंग भिंतीवरून पोपडे होऊन पडत होता तो मी आलो तेव्हापासून.

मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टाचा अधिकार मुंबईपुरता. मुंब्रा ठाण्यात येते आणि तिथे दिवाणी न्यायालय गाठावे लागते. मुदत तीन वर्षांची होती, घाई नव्हती. मी आधी वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि तिच्यात पंचावन्नाव्या कलमाचा उल्लेख करायला लावला. करार नोंदवला नाही ही चूक माझ्याइतकीच मालकाची होती, पण कायद्याने ती मालकाच्या खात्यावर लिहिली होती. पंधरा हजार परत आले. पाच हजार मी सोडले. अब्बांना हे आवडले नाही.

आता आपल्या वस्त्यांत नवी चाल आहे, हेवी डिपॉझिट. दोन लाख, पाच लाख एकरकमी द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा शून्य. गरजू मालकाला बिनव्याजी पैसे मिळतात, राहणाऱ्याला वाटते महिन्याचा खर्च वाचला. कर्ज देऊन त्याबदली लाभ घेणे हे सुदाच्या जवळ जाते म्हणून काही उलेमा याला हरकत घेतात. ती चर्चा मी त्यांच्यावर सोडतो. माझी काळजी साधी आहे. गावची जमीन विकून, आखातातून पाठवलेले पैसे जमवून लोक ही रक्कम देतात, आणि तीही बिननोंदणीच्या कागदावर. तेच घर बँकेकडे गहाण असते किंवा इमारतच अनधिकृत असते. मग दहा हजारांचे कोर्ट काय करणार? लाखांचा दावा मोठ्या कोर्टात, मोठ्या फीने, मोठ्या तारखांनी. २ जून २०२१ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मॉडेल टेनन्सी ॲक्ट मंजूर केला. त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट नको आणि ताबा देताच, रास्त कपात करून, त्याच दिवशी पैसे परत, असे लिहिले आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केला तरच तो लागू होतो.

अब्बा आता काम करीत नाहीत, नजर गेली. पण त्यांनी आपल्या खटल्याचे सर्व कागद, दाव्याची नक्कल, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, चारही हप्त्यांच्या पावत्या, कापडी पुठ्ठ्यात स्वतः बांधून ठेवले आहेत. काळे कापड, लाल कणा. कण्यावर सोनेरी अक्षरांत काहीतरी छापायचे असते. मी विचारले काय लिहू. ते म्हणाले, अमानत. छापणाऱ्याकडे उर्दूचे ठसे नव्हते, म्हणून देवनागरीत छापले. त्याने त्याच्या सवयीप्रमाणे अनामत छापले.

अब्बा म्हणाले, राहू दे.